न काढलेलें तांबें

भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘खनिज’ आणि ‘धातुक’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं वावरतात, आणि विद्यार्थी त्यांची नेहमीं अदलाबदल करतात. खनिज ही निसर्गाची वस्तु आहे. तिला रासायनिक घटना आहे, स्फटिकाचा आकार आहे, काठिण्य आहे. धातुक मात्र निसर्गांत कोठेंच सांपडत नाहीं. ज्या खडकांतून धातु काढला असतां काढणाऱ्यास चार पैसे सुटतात त्या खडकास धातुक म्हणावयाचें, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे ह्या शब्दाचा अर्धा अर्थ भूशास्त्राचा आणि अर्धा बाजाराचा. तांब्याचा भाव चढला कीं कालचा खडक आज धातुक होतो, आणि भाव कोसळला कीं एका रात्रींत त्याचा पुन्हां खडक होतो. डोंगर असतो तसाच असतो. तीस वर्षें मी ही व्याख्या वर्गांत सांगत आलों आहें, आणि तीस वर्षें विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करून विसरत आले आहेत. त्यांना मी दोष देत नाहीं. व्याख्येंत जीव येण्यास एखादा डोंगर डोळ्यांपुढें असावा लागतो. आणि माझ्या डोळ्यांपुढें जो असतो तो मीं स्वतः कधीं पाहिलेला नाहीं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचें वायव्येकडील टोंक नकाशांत पाहिलें तर अलास्का आणि युकॉन ह्यांच्यामध्यें ठोकलेल्या पाचरीसारखें दिसतें. ह्या पाचरींत सेंट इलायस पर्वताच्या हिमाच्छादित रांगा आहेत, टॅटशेनशिनी आणि ॲल्सेक ह्या दोन नद्या आहेत, आणि त्या नद्यांच्या मुलखांत विंडी क्रॅगी नांवाचा डोंगर आहे. नांवाचा अर्थ ‘वाऱ्याचा, खडबडीत कड्यांचा’ एवढाच. नांव ठेवणाराला काव्य सुचण्याइतकी ऊब तेथें मिळाली नसावी. टपालकचेरींतील एखाद्या कारकुनाला जन्मांत न पाहिलेल्या गांवांचीं नांवें, वाटा आणि ओढे जसे तोंडपाठ असतात, तशीच नकाशे, वेधनाचे छेद आणि अहवाल ह्यांच्या द्वारें माझी ह्या डोंगराशीं ओळख आहे.

अशा मुलखांत धातुशोधकाचा खरा वाटाड्या म्हणजे हिमनदी. ती डोंगराची कूस खरवडते आणि खरवडलेले धोंडे खालीं आणून टाकते. धोंडा जड लागला, फोडल्यावर पिवळा चमकला, कीं शोधक प्रवाहाच्या उलट दिशेनें वर चढूं लागतो. पुढची खूण गंजाची. गंधक आणि लोखंड असलेला खडक उघडा पडला कीं त्याला तांबूस-पिवळा गंज चढतो, आणि पांढऱ्या बर्फांत तो डाग दुरून ओळखूं येतो. १९५८ च्या सुमारास शोधकांनीं विंडी क्रॅगी हुडकून काढला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षें फारसें कांहीं झालें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत गेडीस रिसोर्सेस ह्या कंपनीनें तेथें वेधनें केलीं, डोंगराच्या पोटांत बोगदा नेला, आणि हिशेब मांडला: सुमारें २९ कोटी ७० लाख टन खडक, त्यांत सरासरी शेंकडा १.३८ तांबें. म्हणजे तांब्याचा आंकडा ४० लाख टनांच्या वर जातो. शिवाय कोबाल्ट, थोडें सोनें, थोडी चांदी. शेंकडा १.३८ म्हणजे टनामागें तेरा किलो आठशें ग्रॅम. आमच्या घरीं पाणी तापविण्याचा जुना बंब होता, त्याचें वजन जवळजवळ एवढेंच असेल. एक टन डोंगर फोडावा, तेव्हां एक बंब.

हें तांबें तेथें आलें कोठून? तीस कोटी टनांचा हा ऐवज एका जागीं कोणी रचला?

ह्याचें उत्तर समुद्राच्या तळाशीं आहे. त्रायासिक कालखंडाच्या उत्तरार्धांत, म्हणजे वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वीं, आज जो डोंगर आहे तो समुद्राचा तळ होता. काळ कसा कळला? तेथील गाळाच्या खडकांत कोनोडोंट नांवाच्या, वामसारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे सूक्ष्म दांत सांपडतात. ज्या दांतांस भिंगाखेरीज कोणी पाहणार नाहीं तेच तेथें पंचांगाचें काम करतात. ह्या तळास भेगा पडत होत्या, खालून तप्त शिलारस ओल्या चिखलांत घुसत होता, आणि समुद्राचें खारें पाणी त्या भेगांतून खोल उतरत होतें. खालीं तें तीनशें अंशांच्या वर तापे. वरच्या प्रचंड दाबामुळें त्याला उकळतां येत नसे. तापलेलें, आम्ल झालेलें असें हें पाणी काळ्या खडकांतून वाट काढतांना त्यांतलें तांबें कणाकणानें सोडवून घेई. एरव्हीं पाण्यांत सहजासहजीं न विरघळणारा हा धातु मिठांतील क्लोरीनच्या खांद्यावर बसून प्रवास करी; समुद्राचें मीठ हा येथें तांब्याचा हमाल. मग तें पाणी पुन्हां वर उसळे, थंड पाण्याला आणि चिखलाला भिडे, आणि एकदम थंडावल्यामुळें ओझें खालीं टाकी. हजारों वर्षें ही ने-आण चालली. १९७९ सालीं ‘ॲल्विन’ ह्या लहानशा पाणबुडींतून शास्त्रज्ञ पॅसिफिकच्या तळाशीं उतरले, तेव्हां काळ्या धुरासारखें पाणी ओकणारे उष्ण झरे त्यांनीं प्रत्यक्ष पाहिले. तोंवर हें सारें अनुमान होतें. कॅलिफोर्नियाच्या आखातांतील ग्वायमासच्या खोलगटींत तर विंडी क्रॅगीप्रमाणेंच चिखलाच्या जाड थरांतून असे झरे आजही वाहत आहेत.

ह्या जातीच्या साठ्यांना ‘बेश्शी’ पद्धतीचे साठे म्हणतात. जपानांत शिकोकु बेटावर बेश्शी नांवाची खाण १६९१ पासून १९७३ पर्यंत चालली, तिच्यावरून हें नांव पडलें. विंडी क्रॅगी ह्या कुळांतील मोठ्यांतल्या मोठ्यांपैकीं एक. साठा तयार झाल्यावर तो स्वस्थ बसला असेंही नाहीं. ज्या भूखंडाच्या तुकड्यावर तो जन्मला तो तुकडा पुढें सरकत येऊन अमेरिकेच्या पश्चिम अंगाला भिडला. त्या धडकेंत थर दुमडले, परटानें पिळलेल्या धोतरासारखे वळले, आणि समुद्राचा तळ डोंगरमाथ्यावर जाऊन बसला. त्यावर बर्फ पडलें.

मी पुण्यांत राहतों, आणि पुणें काळ्या पत्थरावर वसलें आहे. विंडी क्रॅगीला ज्यानें तांबें पुरविलें तो खडक आणि सह्याद्रीचा पत्थर हे दोघे एकाच गोत्राचे. आपल्याही पत्थराच्या एका टनांत शेंदोनशें ग्रॅम तांबें असतें; पर्वतीच्या टेकडींत एकूण किती असेल ह्याचा हिशेब माझे विद्यार्थी मोठ्या हौसेनें करतात आणि उत्तर पाहून थक्क होतात. तरी देखील ह्या पत्थरांतून कधीं कोणी एक पळी घडवली नाहीं. प्रवरेकांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा हीं चार ताम्रशिल्पें सांपडलीं. सर्व मिळून वजन साठ किलोंच्या वर. तीं ज्या काळ्या मातींत निजलीं होतीं तिच्या उदरांतलें तें तांबें नव्हे, तें दूरच्या वाटेनें आलेलें. दख्खनेंत तांब्याची उणीव नाहीं. उणीव आहे ती गोळा करणाऱ्या पाण्याची. आपला शिलारस सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं उघड्या जमिनीवर पसरला आणि वाऱ्यावर निवाला. पाणी त्यांत शिरलें नाहीं असें नाहीं. नाशिक, जळगांव, पुणें ह्या भागांत खाणींतून जे झिओलाइटचे सुंदर, पांढरे-हिरवे घोस निघतात ते पाण्यानेंच विणले आहेत. पण तें पाणी कोमट होतें. तें गारगोट्या फुलवून गेलें, तांब्याला हात न लावतां.

जमिनीवर निवालेल्या पत्थरांतून तांबें कधींच गोळा होत नाहीं, असा मात्र ह्यावरून नियम करूं नये. अलास्कांत, विंडी क्रॅगीपासून वायव्येस, केनेकॉट येथें आपल्यासारख्याच पसरलेल्या पत्थराच्या थरांवर चुनखडी आहे. पत्थर पुढें खोल गाडला गेला, तापला, आणि त्यांतून निघालेल्या ऊन पाण्यानें तांबें वर चुनखडींत आणून सांठविलें. तें इतकें दाट कीं कांहीं ठिकाणीं खडकांतील निम्म्याहून अधिक वजन तांब्याचें होतें. १९११ ते १९३८ अशीं अवघीं सत्तावीस वर्षें ती खाण चालली. तिच्यासाठीं समुद्रापर्यंत सव्वातीनशें किलोमीटरांच्या आसपास लोहमार्ग बांधला होता. तांबें संपलें तेव्हां माणसें निघून गेलीं. तांबड्या रंगाची चौदा मजली गिरणी डोंगराच्या उतारावर अजून उभी आहे आणि प्रवासी तिचीं छायाचित्रें घेतात.

आतां विंडी क्रॅगीची खाण कशी होणार होती तें पाहूं. डोंगराचा माथा उघड्या खड्ड्यानें उतरावयाचा, नवा रस्ता काढावयाचा, टॅटशेनशिनीवर पूल बांधावयाचा, आणि दळलेलें धातुक अलास्कांतील हेन्स बंदराला न्यावयाचें. ह्यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. अभियंत्यांनीं ह्याहून अवघड कामें केलीं आहेत. अडचण होती ती उरलेल्या नऊशें शहाऐंशी किलोंची. टनांतले तेरा-चौदा किलो तांबें गेल्यावर मागें जें राहतें त्यांत पुष्कळसें लोखंड आणि गंधक असतें. आपले वैद्य ज्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात तेंच येथलें ताम्रधातुक; माक्षिकाचें सत्त्व तांब्यासारखें असतें हें आपल्या रसशास्त्रज्ञांना ठाऊक होतें. पण सत्त्व काढल्यावर राहिलेल्या राखेचें काय करावें, ही चिंता त्यांना पडण्याचें कारण नव्हतें. त्यांची मूस मुठीएवढी होती. येथें मूस डोंगराएवढी. दळलेल्या गंधकी खडकाला हवा आणि पाणी लागलें कीं त्यापासून गंधकाम्ल तयार होतें. सूक्ष्म जंतु ह्या कामाला आणखी गति देतात. एकदां सुरू झालेली ही क्रिया खाण बंद पडली म्हणून थांबत नाहीं. स्पेनमधील रिओ टिंटो नदीच्या कांठीं हजारों वर्षें खाणी चालल्या, आणि ती नदी आजही तांबडी व आंबट वाहते.

हवा लागूं नये म्हणून हा गाळ धरणामागें पाण्याखालीं बुडवून ठेवावा, अशी योजना होती. उपाय शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्याला एक अट आहे: धरण कायम उभें राहिलें पाहिजे. कंपनीच्या आयुष्यापुरतें किंवा सरकारच्या आयुष्यापुरतें टिकून येथें भागत नाहीं. ‘कायम’ हा शब्द भूशास्त्रज्ञानें ऐकला कीं त्याला हसूं येतें, आणि सेंट इलायस पर्वतांत ऐकला तर भय वाटावें. १८९९ सालीं ह्याच पर्वताच्या पायथ्याशीं याकुटाट उपसागराजवळ झालेल्या भूकंपांत किनारा कांहीं ठिकाणीं चौदा मीटरांहून अधिक वर उचलला गेला. १९५८ च्या जुलैंत, म्हणजे शोधक विंडी क्रॅगीच्या आसपास हिंडत होते त्याच सुमारास, समुद्राकडील अंगाला लिटुया उपसागरांत भूकंपानें डोंगराचा कडा पाण्यांत कोसळला, आणि उसळलेल्या लाटेनें समोरच्या उतारावरील झाडें ५२४ मीटर उंचीपर्यंत धुवून नेलीं.

आणि खालीं नदींत सॅमन मासे आहेत. ओढ्यांत जन्मून ते समुद्रांत जातात, तेथें वाढतात, आणि अंडीं घालावयास जन्माच्या ओढ्याकडे परत येतात. ओढा ओळखतात तो वासानें. शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखविलें आहे कीं पाण्याच्या शंभर कोटी भागांत विरघळलेल्या तांब्याचे दोनचार भाग आले तरी सॅमनची घ्राणशक्ति मंदावूं लागते. मासा मरत नाहीं. त्याचें घर मात्र हरवतें. ज्या धातूच्या कलशांतलें पाणी आपण पवित्र मानून पितों त्याचा हा गुण मला प्रथम वाचला तेव्हां विलक्षण वाटला होता.

वाद कांहीं वर्षें चालला. नद्यांवर प्रेम करणारे लोक, मच्छीमार, त्या प्रदेशाचे मूळ रहिवासी, खाणवाले आणि मजूर असे सर्वच त्यांत उतरले. १९९३ च्या जूनमध्यें प्रांताच्या सरकारनें तो सारा मुलूख, सुमारें साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, राखीव उद्यान म्हणून जाहीर केला. कंपनीस पुढें भरपाई मिळाली. १९९४ सालीं त्याचा समावेश जागतिक वारशांत झाला. ह्याच एका वारसास्थळांत आतां केनेकॉटही येतें. पोखरून रिकामा केलेला डोंगर आणि न फोडलेला डोंगर एकाच कुंपणांत आहेत.

ह्या मुलखांतील लोकांना तांबें ठाऊक नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. नद्यांच्या वाळवंटांत शुद्ध तांब्याचे गोटे सांपडत. ते तापवून, ठोकून त्यांचीं पातीं आणि दागिने करीत. किनाऱ्यावरील त्लिंगिट सरदारांच्या घरीं तांब्याची ढालीसारखी ‘तिना’ हें वैभवाचें चिन्ह असे. १९९९ च्या ऑगस्टांत शिकाऱ्यांना ह्याच उद्यानांतील एका हिमनदीच्या कडेला एका तरुणाचा देह सांपडला. वय अठराच्या आसपास. अंगावर खारीसारख्या प्राण्यांच्या कातड्यांचें पांघरूण, मुळ्यांची विणलेली टोपी, लोखंडी पात्याची सुरी, आणि तांब्याचा एक मणी. बहुधा १७२० ते १८५० च्या दरम्यान कधींतरी तो बर्फांत अडकला असावा. तेथल्या लोकांनीं त्याला आपल्या भाषेंत ‘फार पूर्वींचा, सांपडलेला माणूस’ असें नांव दिलें. पुढें रक्ताच्या परीक्षेवरून त्याचे सतरा नातलग त्याच प्रदेशांत जिवंत असल्याचें आढळलें. त्याची रक्षा २००१ सालीं पुन्हां डोंगरांत नेण्यांत आली. चाळीस लाख टनांच्या हिशेबानंतर हा एक मणी वाचला कीं आंकड्यांची भाषा कांहीं क्षण बंद पडते.

माझा एक जुना विद्यार्थी खाणींच्या धंद्यांत आहे. दिवाळींत भेटावयास येतो, वांकून नमस्कार करतो, आणि मग भांडतो. मागच्या खेपेस मीं विंडी क्रॅगीची गोष्ट काढली तेव्हां तो म्हणाला, “सर, तो डोंगर तुम्हांला आवडतो, कारण तो तुमच्या वाटेंत नाहीं. तेथलें तांबें राहिलें म्हणून जगाची गरज एका किलोनें तरी घटली काय? तें दुसऱ्या कोणाच्या डोंगरांतून निघालें. तुमच्या खोलींतल्या तारा कोठून आल्या? मलांजखंडला जाऊन पाहा. विजेवर चालणारी एक मोटार म्हटली तरी ऐंशी किलो तांबें लागतें, आणि धूर नको म्हणून ती हवी असें तुम्हींच आम्हांला सांगतां.”

मलांजखंड बालाघाट जिल्ह्यांत आहे. तो भाग एके काळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. १९८२ पासून तेथें देशांतील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण चालली. विद्यार्थ्याचें म्हणणें टाकाऊ नाहीं. दूरचा डोंगर वांचला म्हणून टाळ्या पिटणाऱ्या माणसानें आपल्या भिंतींतल्या तारा मोजाव्या हें योग्यच आहे. पण त्याच्या युक्तिवादांत एक गृहीत दडलेलें आहे, तें मला मान्य नाहीं. बाजारांत तांबें तांब्यासारखें असतें, म्हणून डोंगरही डोंगरासारखाच असतो, असें तो धरून चालतो. विंडी क्रॅगीच्या तांब्याबरोबर जेवढें गंधक येतें, जेवढें बर्फ येतें आणि जेवढा भूकंप येतो, तेवढा भार सर्व खाणींबरोबर येत नाहीं. १९९३ चा निर्णय मला बरोबर वाटतो तो नदी सुंदर आहे म्हणून नव्हे; न संपणाऱ्या रखवालीची किंमत टनामागें तेरा किलोंच्या हिशेबांत कोणी धरलीच नव्हती म्हणून. ती धरली असती तर व्याख्येप्रमाणेंच तो खडक राहता, धातुक होता ना.

त्याला मीं आणखी एक सांगितलें. आमचा बंब कलई उडून गळूं लागला तेव्हां माझ्या आईनें तो मोडींत दिला आणि वजनावर पैसे घेतले. घेणारा तांबट बंबाच्या इतिहासाविषयीं एक अक्षर बोलला नाहीं. त्यानें कांटा पाहिला. तांब्याला झीज थोडी आणि स्मरण मुळींच नाहीं. देवळांतल्या घंटेची तोफ होते, तोफेची तार होते. जगांत आज वापरल्या जाणाऱ्या तांब्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा अशा मोडींतूनच येतो. “तिसराच ना?” तो म्हणाला. खरें आहे. दोन हिस्से अजून डोंगरांतून येतात.

ह्या संभाषणाच्या वेळीं माझी चंद्रपुराकडची एक विद्यार्थिनी खोलींत वह्या लावीत होती. तिच्या जिल्ह्यांत ठाणेवासना येथें तांब्याचें खनिज असल्याचें भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें दाखविलें आहे. तेथें तें समुद्रतळाच्या चिखलांत नसून फार जुन्या, चिरडल्या गेलेल्या ग्रॅनाइटी खडकांच्या शिरांतून आहे. पाहुणा गेल्यावर तिनें विचारलें, “सर, आमच्याकडचें काय? खडक कीं धातुक?” मीं कपाटांतून त्या भागाचा नकाशा काढून टेबलावर पसरला. तांब्याची पट्टी पेन्सिलीनें आंखावयास दोन मिनिटें लागलीं. मग आम्हीं तिच्या आजूबाजूचीं गांवें, मालगुजारी तलाव, आणि पावसाचें पाणी वैनगंगेकडे नेणारे नाले एक एक करून वहींत उतरून घेऊं लागलों. तिला त्यांतले बरेचसे नांवानें ठाऊक होते.